साथीचे दिवस आणि मनावरचा ताण

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्या दक्षिणेस गेवराई तालुका पसरला आहे आणि याच तालुक्यात चकलांबा हे गाव आहे. कापूस, बाजरी, तूर ही इकडची पिके. पाणी असेल तिथे ऊस. पाऊस मात्र भरवशाचा नाही. म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास या तालुक्यातील हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. कोणी सांगली-साताऱ्याला जाते, कोणी कोल्हापूरला, कोणी थेट कर्नाटकात. फडाजवळ कोप्या उभ्या राहतात. शाळेत जाणारी अनेक मुले आजी-आजोबांजवळ गावातच राहतात आणि उन्हाळा लागला की आई-वडील परत येतील, म्हणून वाट पाहतात.

मार्च २०२० मध्ये ही वाट फार लांबली. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची साथ जागतिक महामारी असल्याचे जाहीर केले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. गाळप हंगाम संपत आला होता. पण गावी परतण्याचे रस्ते बंद झाले आणि लाखाहून अधिक ऊसतोड कामगार परमुलखात अडकून पडले.

त्याच दिवसांत दहावीची परीक्षा चालू होती. शेवटचा पेपर भूगोलाचा, २३ मार्चचा. तो दोन दिवस आधी पुढे ढकलण्यात आला आणि नवी तारीख नंतर कळवू, असे सांगण्यात आले. ही तारीख कधी आलीच नाही. १२ एप्रिलला पेपर रद्द झाल्याचे जाहीर झाले.

आता एक गंमत पाहा. परीक्षा पुढे गेली म्हणजे अभ्यासाला वेळ मिळाला. मग मनावरचा ताण कमी व्हायला हवा. पण अनेक मुलांचा अनुभव उलटा होता. पुस्तक मिटवतही नव्हते आणि उघडले तर लक्षही लागत नव्हते. झोप उशिरा येऊ लागली, पोटात कालवाकालव होऊ लागली, लहानसहान गोष्टींवरून चिडचिड होऊ लागली. असे का झाले बरे? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आधी ताण म्हणजे काय, हे पाहावे लागेल.

शरीरातील धोक्याची घंटा

समजा, तुम्ही बाजरीच्या शेतातून चालला आहात आणि अचानक पायाशी साप दिसला. तुम्ही विचार करत उभे राहता का? नाही. साप विषारी की बिनविषारी, हे ठरण्याच्या आधीच तुम्ही दोन पावले मागे उडी मारलेली असते. छाती धडधडत असते, श्वास जोरात चाललेला असतो, तळहातांना घाम सुटलेला असतो आणि तोंडाला कोरड पडलेली असते.

हे सारे एका ठरलेल्या यंत्रणेमुळे घडते. मेंदूच्या आत दोन्ही बाजूंना बदामाच्या आकाराचा एक लहान भाग असतो. त्याला अमिग्डला म्हणतात. धोक्याची चाहूल लागताच हा भाग घंटा वाजवतो. ती ऐकून मेंदूतील अधश्चेतक हे केंद्र दोन मार्गांनी आज्ञा पाठवते.

पहिला मार्ग चेतांचा, म्हणजे तारेसारखा जलद. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी असतात. चेतांकडून निरोप येताच त्या क्षणार्धात ॲड्रिनॅलिन हे संप्रेरक रक्तात सोडतात. त्यामुळे हृदयाचे ठोके वाढतात, यकृतातील साखर रक्तात येते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात आणि पचनाचे काम मंदावते. धोक्याच्या वेळी जेवण पचविण्यापेक्षा पायांच्या स्नायूंना रक्त पुरविणे अधिक निकडीचे असते, नाही का?

दुसरा मार्ग संप्रेरकांचा. तो टपालासारखा थोडा सावकाश चालतो. अधश्चेतक पीयूषिका ग्रंथीला निरोप देते, पीयूषिका अधिवृक्क ग्रंथींना देते आणि मग त्यांच्यातून कॉर्टिसॉल हे दुसरे संप्रेरक पाझरते. ॲड्रिनॅलिनचा जोर काही मिनिटांत ओसरतो. कॉर्टिसॉलचा परिणाम बराच अधिक काळ टिकतो. शरीराला इंधन पुरत राहावे, ही त्याची कामगिरी.

अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली या तयारीचे सविस्तर वर्णन केले. संकट समोर आले की प्राणी लढतो किंवा पळतो आणि दोन्हींसाठी शरीर अशाच प्रकारे सज्ज होते, असे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे ताण हा मुळात आपला शत्रू नाही. घंटा वाजली नसती, तर माणसाची जात केव्हाच नष्ट झाली असती. उद्याच्या पेपरची थोडी धास्तीच आपल्याला पहाटे उठवून अभ्यासाला बसवते.

मग घोटाळा कुठे होतो? १९३६ साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथे काम करणाऱ्या हान्स सेल्ये यांनी याचे उत्तर शोधले. त्यांनी उंदरांना थंडी, इजा, अतिश्रम, विषारी द्रव्ये अशा निरनिराळ्या संकटांत ठेवले. संकट कोणतेही असो, शरीराचा प्रतिसाद पुष्कळसा सारखाच होता. त्याच्या तीन पायऱ्या त्यांनी सांगितल्या: आधी धोक्याची जाणीव, मग प्रतिकार आणि संकट संपलेच नाही तर शेवटी थकवा. तिसऱ्या पायरीवर उंदरांच्या जठराला व्रण पडत आणि रोगप्रतिकाराशी संबंध असलेल्या ग्रंथी सुकत.

आपल्या नेहमीच्या पाहण्यातील उदाहरण घ्या. बैल दिवसभर जुवाखाली काम करतो. संध्याकाळी जू उतरते, तो चारा खातो, रवंथ करतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ताजा होतो. पण जू उतरलेच नाही तर? मग खांदेसूज होते आणि बळकट बैलही बसतो. दोष एकट्या ओझ्याचा नसतो. ओझे कधीच न उतरणे, हे त्याहून वाईट. माणसाच्या मनाचेही तसेच आहे.

साथीचा ताण वेगळा का?

साप निघून जातो आणि पाच-दहा मिनिटांत आपली छाती शांत होते. परीक्षेलाही तारीख असते. शेवटचा पेपर झाला की आपण मोकळे होतो. साथीला मात्र तारीख नसते. विषाणू डोळ्यांना दिसत नाही. तो कुठे आहे, कोणाला गाठणार, हे दिवस केव्हा संपणार, यांपैकी एकाही प्रश्नाला नक्की उत्तर नसते. म्हणून घंटा वाजत राहते.

अनिश्चितता खरोखर इतकी जाचक असते का? १९७० च्या सुमारास न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठात जे वाइस या शास्त्रज्ञाने हे प्रयोगाने तपासले. त्याने उंदरांच्या दोन गटांना शेपटीवर विजेचे सौम्य झटके दिले. झटके दोन्ही गटांना अगदी सारखे, त्याच वेळी आणि तेवढेच. फरक एवढाच, की पहिल्या गटाला प्रत्येक झटक्याच्या थोडे आधी एक आवाज ऐकू येई. दुसऱ्या गटालाही आवाज ऐकू येई, पण झटक्याशी त्याचा काही संबंध नसे. नंतर जठरे तपासली तेव्हा दुसऱ्या गटातील उंदरांना कितीतरी अधिक व्रण पडलेले आढळले. पहिल्या गटाची स्थिती झटके मुळीच न दिलेल्या उंदरांपेक्षा थोडीच वाईट होती. आवाज नाही तोवर झटका नाही, हे पहिल्या गटाला कळले होते. मधल्या काळात त्यांना विसावा मिळत होता. दुसऱ्या गटाला विसाव्याचा एकही क्षण नव्हता.

वाइसने आणखी एक प्रयोग केला. या वेळी एका उंदरासमोर चाक ठेवले. ते फिरवले की झटका टळे किंवा थांबे. त्याच्या जोडीच्या उंदराला झटके तितकेच बसत, पण त्याच्या चाकाचा काही उपयोग होत नसे. चाक चालणाऱ्या उंदराला व्रण कमी पडले. संकट सारखेच असले तरी आपल्या हातात काही आहे की नाही, यावर शरीराची हानी अवलंबून असते, असे यातून दिसले.

आता भूगोलाच्या त्या पेपराचे कोडे सुटते. पेपर २३ मार्चला होता, तोवर ती आवाजानंतर येणाऱ्या झटक्यासारखी गोष्ट होती. तारीख गेली आणि विसावाही गेला. फडावर अडकलेल्या कामगारांचेही तेच झाले. श्रमाची त्यांना सवय होती. हंगामाचे ओझे किती आणि ते केव्हा उतरते, हे त्यांना ठाऊक होते. पण काम थांबले आहे, हातातले पैसे संपत आहेत, पोरे गावाकडे आहेत आणि घरी जायचा दिवस कोणालाच सांगता येत नाही, ही स्थिती नवी होती. एप्रिलच्या मध्यानंतर राज्य सरकारने तपासणी करून त्यांना गावी जाण्याची परवानगी दिली, तेव्हा कुठे त्यांना परतीची वाट मोकळी झाली.

हा ताण काही एका जिल्ह्यापुरता नव्हता. महामारीच्या पहिल्या वर्षात चिंता आणि नैराश्य या विकारांचे प्रमाण जगभरात सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. तरुण मुले आणि स्त्रिया यांना त्याची झळ अधिक लागली होती.

ताण आणि रोग यांचे नाते

मनावरच्या ताणाने शरीराचा रोगप्रतिकार खरेच कमी होतो का? याची परीक्षा शेल्डन कोहेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या इंग्रज सहकाऱ्यांनी घेतली. इंग्लंडमधील सॉल्सबरी येथे सर्दीवर संशोधन करणारी एक संस्था होती. तेथे ३९४ निरोगी स्वयंसेवकांना आधी त्यांच्या जीवनातील ताणाविषयी प्रश्न विचारण्यात आले. मग त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब टाकून त्यांना वेगळे ठेवण्यात आले. वापरलेल्या पाच विषाणूंपैकी एक, योगायोगाने, कोरोना कुळातला होता, पण साधी सर्दी करणारा. १९९१ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे: सर्वांत कमी ताण असणाऱ्यांपैकी सुमारे २७ टक्के लोकांना सर्दी झाली, तर सर्वांत जास्त ताण असणाऱ्यांपैकी सुमारे ४७ टक्के लोकांना.

या आकड्यांचा चुकीचा अर्थ मात्र काढू नये. शांत मन म्हणजे लस नव्हे. सर्वांत कमी ताण असणाऱ्यांतही चारांपैकी एकाला सर्दी झालीच. कोविडच्या साथीत मुखपट्टी, मोकळी हवा, हात धुणे आणि जानेवारी २०२१ पासून मिळू लागलेली लस, यांना पर्याय नव्हता. तसेच, कोणी आजारी पडले म्हणून ‘तू घाबरलास म्हणून तुला झाले’ असे म्हणणे हे अशास्त्रीय तर आहेच, निर्दयपणाचेही आहे.

माहितीची भूक आणि अफवा

अनिश्चितता मनाला सहन होत नाही. नक्की माहिती मिळाली नाही, तर मन मिळेल त्या माहितीने पोट भरते. अफवांचा जन्म इथेच होतो.

याचे मोठे उदाहरण बीड जिल्ह्याच्या इतिहासातच आहे. ऑगस्ट १९९४ मध्ये या जिल्ह्यातील मामला या गावी उंदीर मरून पडू लागले, पिसवांचा उपद्रव वाढला आणि काही लोकांना ताप येऊन काखेत, जांघेत गाठी आल्या. ती गाठीच्या प्लेगची लक्षणे होती. पुढच्याच महिन्यात गुजरातमधील सुरत शहरात फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली आणि थोड्याच दिवसांत लाखो लोक शहर सोडून पळाले. देशभर टेट्रासायक्लिन या औषधाच्या खरेदीसाठी झुंबड उडाली. ज्यांना रोग नव्हता त्यांनी औषध घरात साठवले. प्रत्यक्षात या साथीत देशभर नोंदले गेलेले मृत्यू साठाच्या आत राहिले. वेळेवर घेतलेल्या प्रतिजैविकाने प्लेग बरा होतो, ही माहिती तेव्हाही डॉक्टरांना होती. ती लोकांपर्यंत पोहोचण्याआधी भीती पोहोचली.

२०२० च्या सुरुवातीलाही असेच घडले. कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो, अशी अफवा मोबाइलवरून फिरली. तिला कसलाही आधार नव्हता. पण कोंबड्यांचे भाव कोसळले आणि महाराष्ट्रातील कुक्कुटपालन करणाऱ्या शेतकऱ्यांचे अतोनात नुकसान झाले.

दिवसभर साथीच्या बातम्या पाहत राहिल्यानेही मनाची भूक भागत नाही. प्रत्येक बातमी म्हणजे पुन्हा एकदा घंटेचा टोल. त्यापेक्षा दिवसातून एकदा किंवा दोनदा, ठरलेल्या वेळी, विश्वासू ठिकाणची माहिती घ्यावी. आकाशवाणीची बातमीपत्रे, वृत्तपत्र, प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर, गावातील आशा कार्यकर्ती ही अशी ठिकाणे आहेत. मोबाइलवर आलेल्या निरोपाला तीन प्रश्न विचारावेत: हे कोणी सांगितले? त्याला ते कसे कळले? दुसऱ्या विश्वासू ठिकाणी हेच सांगितले आहे का? तीनपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर तो निरोप पुढे पाठवू नये.

घंटा बंद कशी करावी?

निसर्गाने घंटा दिली तशी ती बंद करण्याची सोयही दिली आहे. आपल्या इच्छेवाचून चालणाऱ्या क्रिया सांभाळणारी स्वायत्त चेतासंस्था दोन भागांची असते. अनुकंपी भाग शरीराला सज्ज करतो; परानुकंपी भाग त्याला शांत करतो. एक बैलगाडी पळवणारा, तर दुसरा कासरा ओढणारा. परानुकंपी भागाची मुख्य चेता व्हेगस. ती मेंदूच्या तळापासून निघून हृदय, फुप्फुसे आणि जठरापर्यंत पोहोचते.

हृदयाचे ठोके आपल्या हुकमाने कमी होत नाहीत. ‘हळू चाल’ असे हृदयाला कितीही सांगा, ते ऐकणार नाही. पण श्वास ही क्रिया विलक्षण आहे. ती आपोआपही चालते आणि आपल्या इच्छेनेही चालवता येते. श्वास आत घेताना हृदय किंचित जलद चालते आणि बाहेर सोडताना व्हेगस चेतेच्या प्रभावाने किंचित मंदावते. म्हणून सावकाश आणि लांब उच्छ्वास केला की कासरा हळूहळू ओढला जातो. यात कसला चमत्कार नाही. नाडी मोजून कोणालाही खात्री करून घेता येईल. ती कशी, हे लेखाच्या शेवटी दिले आहे.

दुसरा उपाय झोपेचा. कॉर्टिसॉलला दिवसाचा ताल असतो. पहाटे त्याचे रक्तातील प्रमाण वाढू लागते, जागे होण्याच्या सुमारास ते सर्वाधिक असते आणि मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी. रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहिला आणि दुपारपर्यंत झोपलो, की हा ताल बिघडतो. तुमच्या वयाच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी. उठण्याची वेळ ठरलेली असावी आणि उठल्यावर थोडा वेळ उन्हात काढावा. खेड्यातील मुलांना हे सहज जमण्यासारखे आहे.

तिसरा उपाय शरीर हलवण्याचा. घंटा वाजल्यावर रक्तात आलेली साखर ही पळण्यासाठी असते. आपण कोपऱ्यात बसून राहिलो तर ती सज्जता वाया जाते आणि हातपाय नुसते शिवशिवतात. अंगणात दोरीवरच्या उड्या मारणे, विहिरीवरून पाणी आणणे, शेतात खुरपणे, काहीही चालेल.

चौथा उपाय दिनक्रमाचा. साथ केव्हा संपेल, हे आपण ठरवू शकत नाही. पण सकाळी सात वाजता काय करायचे, हे ठरवू शकतो. वाइसच्या उंदराला आवाजाने जो दिलासा मिळाला, तोच आपल्याला वेळापत्रकाने मिळतो. शिक्षकांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. शाळा बंद असतानाही आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी शिक्षकांचा फोन येणे किंवा पारावर अंतर ठेवून अर्धा तास वर्ग भरणे, याचा उपयोग अभ्यासाच्याही पलीकडे असतो. जी गोष्ट माहीत नाही, तीसुद्धा स्पष्ट सांगावी: ‘परीक्षेचे अजून ठरलेले नाही, सोमवारी मी पुन्हा सांगेन.’ निदान सोमवार तरी निश्चित होतो.

आणि पाचवा उपाय चाकाचा. आपल्या हातात काय आहे, ते शोधावे. लहान भावाला पाढे शिकवणे, शेजारच्या आजोबांची औषधे आणून देणे, घराबाहेर हात धुण्याची सोय करणे ही कामे छोटी वाटतील. पण ज्याच्याकडे काम आहे, तो असहाय राहत नाही.

अंतर राखा, पण तुटू नका

साथीत माणसांपासून दूर राहावे लागते, हा या संकटाचा सर्वांत कठीण भाग. कारण ताण कमी करणारे सर्वांत जुने औषध म्हणजे माणसाचा सहवास. कोहेन यांनीच १९९७ साली २७६ स्वयंसेवकांवरील दुसरा प्रयोग प्रसिद्ध केला. घर, शेजार, मित्र, कामाचे सोबती अशा नाना प्रकारच्या माणसांशी ज्यांचे संबंध होते, त्यांना सर्दी कमी झाली. म्हणूनच ‘सामाजिक अंतर’ या शब्दापेक्षा ‘शारीरिक अंतर’ हा शब्द बरा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सुचवले. देहांत सहा फुटांचे अंतर असावे. मनांत असू नये.

हे सांगणे सोपे, पाळणे अवघड. फडावरून परतलेल्या कामगारांना विलगीकरणात राहावे लागले. कोणी शाळेच्या खोलीत राहिले, कोणी शेतात. रोग पसरू नये म्हणून ते आवश्यक होते. पण विलगीकरण वेगळे आणि वाळीत टाकणे वेगळे. ज्या घरातला माणूस शेतातल्या झोपडीत राहतो आहे, त्याच्याशी बांधावरून बोलायला, त्याच्या पोराला दुरून हाक मारायला कोणताही रोगशास्त्राचा नियम आड येत नाही.

वाळीत टाकल्याने साथही बळावते. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला असताना प्लेग कमिशनर रँड यांच्या हाताखालील सैनिकांनी घरोघर शिरून झडत्या घेतल्या. त्या धाकाने लोक रोगी लपवू लागले आणि लपवलेल्या रोग्यापासून रोग अधिक पसरतो. उलट, त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी रोग्यांची शुश्रूषा केली. ते करताना सावित्रीबाईंना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. आज आपल्याजवळ प्रतिजैविके, लसी आणि मुखपट्ट्या आहेत. स्वतःला जपूनही रोग्याला एकटे न पाडणे आता पुष्कळ सोपे झाले आहे.

ताण आवरेनासा झाला तर

बहुतेकांचा ताण वरील उपायांनी ओसरतो. पण कधी कधी ओझे फार मोठे असते. घरातले माणूस दगावलेले असते, कर्ज झालेले असते, शाळा सुटलेली असते. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, आवडत्या गोष्टींतही मन रमत नसेल, सारखे रडू येत असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर ती मदत मागण्याची वेळ आहे, असे समजावे. पाय मोडला तर आपण चालण्याचा हट्ट धरत नाही, हाडाच्या डॉक्टरकडे जातो. इथेही तसेच करावे. आई-वडील, आजी, शिक्षक किंवा ज्याच्यावर विश्वास आहे अशा मोठ्या माणसाला आधी सांगावे. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा दूरध्वनी क्रमांक १४४१६ असा आहे. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीतही बोलता येते. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

कोणी मित्राने असे काही सांगितले, तर उपदेश करू नये. ‘त्यात काय एवढे’ असेही म्हणू नये. शांतपणे ऐकावे, त्याच्याजवळ थांबावे आणि मोठ्या माणसाला कळवावे. अशी गोष्ट गुपित ठेवण्यासारखी नसते.

करून पाहा

१. मनगटावर अंगठ्याच्या बाजूस दोन बोटे ठेवून नाडीचे ठोके एक मिनिट मोजा. मग दोन मिनिटे जागच्या जागी पळा आणि पुन्हा मोजा. त्यानंतर दर मिनिटाला मोजून आलेख काढा. नाडी पूर्ववत व्हायला किती मिनिटे लागली? निरोगी शरीराची घंटा कशी थांबते, ते या आलेखात दिसेल.

२. शांत बसून नाडी मोजा. आता मनात चार अंक मोजत श्वास घ्या आणि सहा अंक मोजत सोडा. एका श्वासाला सुमारे दहा सेकंद, म्हणजे मिनिटाला सहा श्वास होतील. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. पाच मिनिटांनी पुन्हा नाडी मोजा. वर्गातील सर्वांचे आकडे घेऊन सरासरी काढा. एकाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नका. चक्कर आल्यासारखे वाटले तर थांबा.

३. वहीच्या पानावर उभी रेघ मारा. डावीकडे ‘माझ्या हातात असलेल्या’ आणि उजवीकडे ‘माझ्या हातात नसलेल्या’ काळज्या लिहा. डावीकडच्या प्रत्येक काळजीसमोर उद्या करता येईल असे एक काम लिहा.

४. वर्गात रांगेने बसून कानगोष्टीचा खेळ खेळा. पहिल्याला आकडे असलेले एक लांब वाक्य सांगा आणि शेवटच्याकडून ते फळ्यावर लिहून घ्या. काय गळले? काय नव्याने आले? अफवा कशा तयार होतात, यावर चर्चा करा.

कोविडविषयीची जागतिक आणीबाणी संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जाहीर केले. पण साथी पुन्हा येणारच नाहीत, असे कोणताही शास्त्रज्ञ म्हणणार नाही. १८९७, १९९४, २०२० ही वर्षे त्याची साक्ष देतात. पुढची साथ येईल तेव्हा तिचा विषाणू कदाचित अनोळखी असेल, पण आपल्या शरीरातील घंटा आता आपल्या ओळखीची आहे. ती का वाजते, कशाने वाजत राहते आणि कशाने थांबते, हे चकलांब्यासारख्या प्रत्येक गावातील शाळेतल्या मुलाला माहीत असले, तर त्याच्या घरातही त्या दिवशी घाबराट थोडी कमी होईल.